काविळीचं बी

नोकरीतल्या गोड आठवणी लिहून द्या, असं मला या अंकासाठी सांगण्यात आलं. गोडच हवं असेल तर हलवायाकडे जावं. मी आरोग्यसेविका होते. परभणी जिल्ह्यात, त्यातही बहुतेक काळ जिंतूर तालुक्यात, लोकांच्या लेकरांना सुया टोचल्या आणि त्यांच्या आज्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्यातलं जे मनात घर करून बसलं आहे तेच लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत. माझी चूक मात्र आहे तशी ठेवली आहे.

सांगायचं आहे ते काविळीबद्दल. आमच्याकडे कावीळ म्हणजे पिवळे डोळे. डोळे पिवळे झाले की कावीळ झाली आणि पांढरे झाले की उतरली, इतका सोपा हिशेब. खरं पाहता कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. यकृत सुजलं की अंग पिवळं पडतं, आणि यकृत सुजवणारे विषाणू वेगवेगळे असतात. काही पाण्यातून येतात. नळाची फुटकी पाइप नालीतून गेली की पंधरा दिवसांत अर्धी गल्ली अंथरुणाला खिळते. त्यांच्याशी लढणं मला कधी अवघड वाटलं नाही. टाकीत क्लोरीन टाकायचं, पाइप बदलेपर्यंत ग्रामसेवकाच्या मागे हात धुऊन लागायचं. भांडण करायला मला कधीच कुणाची मदत लागली नाही.

अवघड आहेत ते रक्तातून जाणारे विषाणू. त्यातला एक म्हणजे हिपॅटायटिस बी. एकाला वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली, एकाचं ब्लेड दुसऱ्याच्या दाढीला लावलं, नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बाळंतपणात आईकडून बाळाला. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. माणूस धडधाकट, डोळे पांढरेशुभ्र, शेतात राबतोय, आणि आत यकृत खराब होत चाललंय. अशा माणसाला तुला कावीळ आहे म्हणून सांगितलं तर तो आरशात बघतो आणि सांगणारीलाच वेडी ठरवतो. मला अशी बरीच वर्षं वेडी ठरवण्यात आलं.

कावीळ उतरवणारे आमचे प्रतिस्पर्धी. आमच्या उपकेंद्रापासून तीन कोसांवर एक बाबा माळ घालायचा. कसल्याशा झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून ती माळ रोग्याच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवायची. चार दिवसांत माळ वाढते, डोक्यावरून गळ्यात उतरते, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते. लोक सलाईन सोडून तिकडे पळायचे. एकदा मी स्वतःच गेले, डोळे पिवळे वाटतात म्हणाले आणि माळ घालून घेतली. चार दिवस ती माळ डोक्यावर घेऊन मी लसीकरण केलं, मीटिंगलाही गेले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारण्याचं शहाणपण दाखवलं. चौथ्या दिवशी माळ गळ्यात आली. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात, माळ लांब होते, यात दुसरं काही नाही. मी बाबाकडे परत गेले आणि भर गर्दीत विचारलं, मला तर कावीळ नव्हती, मग ही उतरली कशी? बाबाने डोळ्याचं पातंही न लवता सांगितलं, की सिस्टर, तुमच्या आत होती, आपण टायमावर काढली. लोक मला हात जोडायला लागले. त्याचा धंदा माझ्यामुळे वाढला असावा, असा मला संशय आहे.

आता रेणुकाचं सांगते. बोरीच्या पलीकडच्या एका गावात ती नवीन सून म्हणून आली होती. माहेर चुडाव्याजवळ. वय एकवीस, बारावी झालेली, हसली की हसतच राहणारी. घरात तीनच माणसं: ती, तिचा नवरा गजानन आणि सासू सत्यभामाबाई. सासरे लग्नाच्या आधीच पोट फुगून वारले होते. दारूने गेले, असं गाव म्हणायचं. तो विषय त्या घरात कोणी काढत नसे.

सत्यभामाबाई कष्टाळू आणि तोंडाने फटकळ, म्हणजे माझ्याच जातकुळीची बाई. जातकुळी हा शब्द सहज आला, पण त्याबद्दलही लिहून टाकते. आम्ही बौद्ध. अकरा वर्षं मी त्या घरी जात होते, आणि त्या घरात माझ्यासाठी वेगळा पेला होता. तो न्हाणीच्या भिंतीवर पालथा असायचा. पहिल्या वेळी मी त्यातून पाणी प्यायले, कारण तो कशासाठी आहे हे कळायला मला उशीर झाला. त्यानंतर त्या घरी मी कधी पाणी मागितलं नाही. भेटी मात्र वेळच्या वेळी देत राहिले.

रेणुकाला पाचवा महिना होता तेव्हा तिची रक्ततपासणी झाली. गरोदर बाईच्या ज्या तपासण्या असतात त्यात हिपॅटायटिस बीची तपासणीही असते. तपासणीच्या कार्डावर दुसरी रेघ उमटली, म्हणजे विषाणू आहे. पुन्हा केली, पुन्हा उमटली. आमच्या केंद्राचे डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, पुढच्या तपासण्या करू, गरज पडली तर गोळी सुरू करू. आई ठणठणीत राहील. जपायचं ते बाळाला. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याला लसीचा पहिला डोस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिकारशक्तीचं एक इंजेक्शन, एवढं झालं की बाळ बहुतेक सुटतं. चोवीस तास हातचे गेले तर मात्र ते लेकरू जन्मभराचं गिऱ्हाईक होण्याची भीती.

मी निघाले रेणुकाच्या घरी. उन्हाळ्याचे दिवस होते, अंगणात चार-पाच बायका कुरडया घालत होत्या. मला पुढे आणखी तीन घरं करायची होती. रेणुकाला आत बोलवायचं, दार लोटायचं, मग सांगायचं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मी स्वतः नव्या मुलींना शिकवत होते. पण घाई होती, ऊन होतं, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीचा एक माजही होता. मी ओसरीत उभी राहूनच म्हणाले, "रेणुका, तुझ्या रक्तात कावीळ बी निघाली आहे. उद्या दवाखान्यात ये."

अंगणातल्या बायकांचे हात थांबले. बी म्हणजे इंग्रजीतलं दुसरं अक्षर, हे मला ठाऊक. त्यांच्या कानावर पडलं ते शेतकऱ्याचं बी. काविळीचं बी. पोरीच्या पोटात काविळीचं बी हाय. जे पेरलं की उगवतं, एकाचे शंभर होतात, आणि एकदा रानात पडलं की वर्षानुवर्षं निघत राहतं, ते बी. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण कुरडयांचा चीक तसाच टाकून दोघी जणी उठून गेल्या होत्या. ऊन उतरायच्या आत गावाला खबर झाली. ही चूक माझी. सरकारची नाही, गावाच्या अडाणीपणाची नाही, माझी.

आठ दिवसांनी गेले तर रेणुका गोठ्याशेजारच्या खोलीत बसलेली. ताट वेगळं, तांब्या वेगळा, कपड्यांची बादली वेगळी. गजानन मान खाली घालून बाजेवर. मी सत्यभामाबाईंना समजावलं की एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही, हात लावल्याने नाही, लुगडं एकत्र धुतल्याने नाही. त्या म्हणाल्या, लागत नसंल पर आपण जपलेलं बरं. हे वाक्य मला पाठ होतं. न्हाणीच्या भिंतीवरच्या पेल्यालाही हेच वाक्य लागू असणार. मला इतका राग आला की मी सरळ रेणुकाच्या खोलीत गेले, तिच्या ताटात अर्धी भाकरी उरली होती ती खाल्ली आणि तिच्या तांब्यातलं पाणी वर तोंड न करता ओठ लावून प्यायले. सत्यभामाबाई दारातून बघत होत्या.

रेणुकाने मला एवढंच विचारलं, "सिस्टर, मी कुणाचं काय केलंय?"

माझ्या एका वाक्याने ती गोठ्यात आली होती. सॉरी म्हणाले, पण ते किती तोकडं पडलं हे मला तेव्हाच कळलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली चांगली रीत. आरोग्यसेविकेच्या मात्र ती डोक्याला ताप असते. पाच महिने आपण जपलेली बाई सातव्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यात जाते, आणि तिथल्या रजिस्टरमध्ये ती नवखी असते. सत्यभामाबाईंनी या रितीचा वेगळाच उपयोग केला. सातवा लागताच ना ओटी, ना डोहाळजेवण, गजाननबरोबर रेणुकाला चुडाव्याच्या गाडीत बसवून दिलं आणि निरोप दिला की बोलावल्याबिगर येऊ नको.

पेरणीच्या दिवसांत मी गजाननला त्याच्या रानात गाठलं. ताडपत्रीवर सोयाबीनचं बियाणं पसरून तो त्याला औषध चोळत होता. बीजप्रक्रिया. मी त्याच्याजवळ बसले. त्याला म्हणाले, हे पेरायच्या आधी का चोळतोस? तो म्हणाला, उगवल्यावर चोळून काय फायदा. मी म्हणाले, तुझ्या बाळाचंही तेच आहे. जन्मल्याबरोबर चोवीस तासांत औषध गेलं तर बाळ वाचतं, नंतर काही फायदा नाही. इतके दिवस मी ज्या शब्दाने मार खाल्ला होता, तोच शब्द माझ्या कामी आला. गजानन हात पुसून म्हणाला, "मॅडम, माझं बी रक्त बघा."

त्याच्या कार्डावरही दोन रेघा उमटल्या. मग घरातल्या तिसऱ्या माणसाची तपासणी ओघाने आलीच. आपल्या आईला त्याने काय सांगून आणलं ते मला माहीत नाही. सत्यभामाबाई आल्या, तोंड फिरवून बसल्या, बोट पुढे केलं.

त्यांचा अहवाल हातात आला तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. दोन रेघांकडे बघून माझ्यासारख्या नर्सला आनंद झाला. वाटलं, आता त्याच अंगणात जावं, त्याच पाच बायकांना बोलवावं, आणि त्याच आवाजात सांगावं. वेगळा पेला, वेगळं ताट, सगळं एकदम फेडून घ्यावं. दोन दिवस तो कागद माझ्या पर्समध्ये होता आणि दोन दिवस मी मनातल्या मनात ते भाषण करत होते. काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या कपाशीच्या रानात गेले. त्या एकट्याच खुरपत होत्या. आजूबाजूला कोणी नाही हे मी दोनदा बघून घेतलं. रेणुकाच्या वेळी हे एवढंच करायला हवं होतं, आणि ते मी केलं नव्हतं. बांधावर बसवून हळू आवाजात सांगितलं, की बाई, तो विषाणू तुमच्याही रक्तात आहे.

त्यांच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. "मला बी?"

आमच्याकडे बी म्हणजे सुद्धा. तो शब्द त्यांच्याच तोंडून असा आला, आणि माझं तयार केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी सांगितलं की हा विषाणू तुमच्यात बहुधा खूप वर्षांपासून असावा. कदाचित गजाननच्या जन्मापासून त्याच्यात. कोणी कोणाला दिला हे रक्त सांगत नाही, त्यामुळे दोष कोणाचाच नाही. औषध आहे, फुकट आहे. कोणाला कळायचं असेल तर ते तुम्ही सांगाल तेव्हा, मी कोणाला सांगणार नाही.

त्या म्हणाल्या, "गजूचे बाप पोट फुगून गेले. डोळे पिवळे झाले ते शेवटाला. ह्यानंच का?"

मी म्हणाले की आता छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण तसं असू शकतं. दारू न पिणाऱ्या माणसाचं यकृत असं जाण्यामागे हे एक मोठं कारण असतं.

"त्यायनं थेंब घेतला न्हवता," त्या म्हणाल्या. "सारं गाव म्हणलं दारूनं गेला. माज्या भावानं बी म्हणलं. मी एकटी म्हणायले, घेत न्हवते. आखरीला मलाच वाटायलं, चोरून घेत असतील." मग त्या रडल्या. नवरा गेल्यावर लोकांदेखत रडल्या असतील, पण हे रडणं वेगळं होतं. मी बांधावर त्यांच्या शेजारी बसून राहिले. जाताना त्यांनी मला त्यांच्या कळशीतलं पाणी दिलं, आणि मी ते प्यायले. सगळं एका घोटात विसरण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही.

पोळ्यानंतरचा रविवार. साडेनवाला गजाननचा फोन आला. तो आधीच सासुरवाडीला जाऊन बसला होता. रेणुका सकाळी तिकडच्या एका सरकारी रुग्णालयात बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. पण मॅडम, सुई दिली न्हाई, उद्या देऊ म्हणायलेत.

आमच्या डॉक्टरांनी महिनाभर आधी तिथे पत्र पाठवलं होतं. प्रतिकारशक्तीचं ते इंजेक्शन तिथल्या फ्रिजमध्ये येऊन पडलं होतं. रेणुकाच्या गरोदरपणाच्या कार्डावर मी स्वतः लाल शाईने खूण केली होती. मी रुग्णालयात फोन केला तर सांगण्यात आलं की तुमचं हे कार्यक्षेत्र नाही. वरच्या साहेबांना लावला, ते म्हणाले सोमवारी बघू. सोमवारी सकाळी चोवीस तास भरत होते. मी पर्स उचलली आणि निघाले. मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं गाव, सोडायचं तर परवानगी लागते, हे मला माहीत होतं. पण परवानगी देणारे सोमवारी भेटणार होते.

बोरीच्या स्टँडवर सत्यभामाबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. गजाननने त्यांनाही कळवलं होतं. परभणीपर्यंत एसटी, पुढे चुडाव्यापर्यंत रेल्वे, तिथून ऑटो. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, किती वाजेपर्यंत चालतंय? मी म्हणाले जितकं लवकर तितकं चांगलं. त्यानंतर त्या दर स्टेशनला खिडकीतून घड्याळ शोधत होत्या.

वॉर्डात आठ खाटा, आठही भरलेल्या, प्रत्येकीभोवती नातेवाईक. ड्युटीवर एक तरुण नर्स. ती वाईट नव्हती, हे आधी सांगते. लसीची बाटली दहा डोसांची असते. एका बाळासाठी फोडली आणि उरलेली वाया गेली तर जाब द्यावा लागेल, अशी धास्ती तिच्या वरिष्ठांनी तिला घातली होती. उद्या तीन-चार बाळं जमली की फोडू, म्हणत होती. मला तिचा राग येऊ नये, कारण एकेकाळी मी हेच केलं आहे. जन्माच्या वेळची ही लस नवीन आली होती तेव्हा मी एका बाळाला तिसऱ्या दिवसापर्यंत थांबवलं होतं, बाटली वाचवली म्हणून शाबासकीही घेतली होती. त्या बाळाची आई कधी तपासलीच गेली नव्हती. ते घर पुढे ऊसतोडीला गेलं ते परत आलं नाही. तो मुलगा आज कसा आहे, मला माहीत नाही. मी त्याची आठवण काढते, आणि त्याने काहीही होत नाही.

तेव्हा मी त्या मुलीला नीट सांगितलं की फोडलेली बाटली थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस चालते, उद्याच्या बाळांना तीच वापरता येईल, काही वाया जात नाही. ती म्हणाली, "पण याच बाळाला एवढी घाई कशाला? आणि तुम्ही नात्यातल्या आहात का?"

घाई कशाला, हे सांगायचं तर आठ खाटांदेखत सांगावं लागणार होतं. एकदा भर अंगणात बोलून मी या पोरीला गोठ्यात पाठवलं होतं. कार्ड बघा म्हणाले, तर कार्ड ऑफिसात कपाटात. जरा बाहेर चला म्हणाले, तर ती म्हणाली वॉर्ड सोडून येता येत नाही. मी तिच्या कानाशी वाकले तशी ती मागे सरकली. बाटली फ्रिजमध्ये, बाळ चार पावलांवर, आणि मी उभ्या जन्मात पहिल्यांदा मुकी झाले होते. रेणुका खाटेवरून माझ्याकडे बघत होती. सांगा म्हणावं की सांगू नका म्हणावं, तिलाही कळत नव्हतं.

सत्यभामाबाई मागून पुढे आल्या. पिशवी खाली ठेवली, पदर खोचला. त्यांचा आवाज शेतात हाक मारायचा आवाज, तो सगळ्या वॉर्डात ऐकू गेला.

"मला हाय ती कावीळ. रक्तातली. माज्या मालकाला बी तीच असंल, दारू न्हवती, ऐका समद्यांनी. आमच्या घरात तिनं दोन पिढ्या खाल्ल्या. ह्या लेकीला खाऊ द्यायची न्हाई. फोड ती बाटली, बाई."

सुनेचं नाव त्यांनी घेतलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपलं बाळ जरा जवळ ओढलं. सत्यभामाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिने ते परत होतं तिथे ठेवलं. नर्स मुलगी पळत ऑफिसात गेली, कार्ड घेऊन आली, लाल खूण वाचली, आणि तिचा चेहरा पडला. नंतर तिने एक शब्द वाया घालवला नाही. एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत दुसरं इंजेक्शन. बाळाने जो टाहो फोडला तो ऐकून मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीला टेकून रडले. दुपारचे सव्वादोन झाले होते. आम्ही जिंकलो होतो. एवढ्या वर्षांत हा शब्द मला फार वेळा वापरता आला नाही, म्हणून इथे वापरते.

सव्वा महिन्याने रेणुका बाळाला घेऊन सासरी आली. बाकीचे डोस वेळेवर झाले. सत्यभामाबाईंच्या पुढच्या तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली. गाव काही एका दिवसात शहाणं झालं नाही. अजूनही त्यांच्या घरचा चहा टाळणारे लोक आहेत. सत्यभामाबाई त्यांना आग्रह करत नाहीत. रक्त तपासून घ्या मात्र म्हणतात, आणि त्यांच्या धाकाने काही लोक तपासूनही आले आहेत. बाबाची माळ अजून चालते.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा तिचं रक्त तपासलं. मी निवृत्त झाले होते, तरी गेले. चिमुकल्या हातातून रक्त काढताना तिघंही बघू शकली नाहीत, बाळाला मीच धरलं. दुसरी रेघ उमटायची वाट बघत आम्ही बसलो. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. ती उमटली नाही. सत्यभामाबाईंनी ते कार्ड तीनदा उजेडात धरून बघितलं आणि गजाननला म्हणाल्या, जा, पेढे आण.

त्या रविवारबद्दल मला नोटीस आली होती. परवानगीशिवाय मुख्यालय सोडून दुसऱ्या तालुक्यातील कामकाजात हस्तक्षेप केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. सहकाऱ्यांनी सुचवलं, तब्येतीचं कारण लिहा, माफी मागा, निवृत्तीला थोडे महिने उरलेत. मी तीन वाक्यं लिहिली: "सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुलगी जन्मली. दुपारी दोन वाजून पंधरा मिनिटांनी तिला लस मिळाली. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा जाईन." खुलासा असमाधानकारक ठरला. ताकीद दिल्याची नोंद झाली आणि माझा कागद माझ्या सेवापुस्तकाला जोडला गेला. अर्ज केला तर ती नोंद निघू शकते, असं कार्यालयातले लोक मला अजून सांगतात. मी अर्ज करणार नाही. माझ्या सगळ्या सेवापुस्तकात बदल्या, रजा आणि वेतनवाढी आहेत. एखादं माणूस जन्माला आल्याची वेळ त्या एकाच पानावर आहे.